दादाला मी रांगेतून बाहेर काढलं

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लेखक नाही. एका आडगावच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवतो, मुलांच्या निबंधांवर लाल खुणा करतो, आणि स्वतः चार ओळी लिहायच्या म्हटल्या की माझा हात अडतो. त्यातून जे लिहायचं आहे ते माझं नाहीच. ते माझ्या मोठ्या भावाचं आणि वहिनीचं आहे, त्यांच्या अंथरुणाचं आहे. धाकट्या दिरानं त्याविषयी तोंड उघडू नये, एवढं मलाही कळतं. वहिनीनं मला आठव्या वर्षापासून वाढवलं आहे. दादाला वाचता येत नाही, म्हणून तो हे वाचणार नाही, या आडोशाला बसून मी लिहितो आहे. हाही भित्रेपणाच.

आणीबाणीवर पुष्कळ लिहिलं गेलं. जमेल तेवढं मी वाचलं. त्यात नसबंदीची पानं येतात तेव्हा आकडे येतात, पुढारी येतात, पोलीस येतात. नवरा-बायको कुठे दिसत नाहीत. म्हणून धीर केला.

आमच्या घरानं दीक्षा घेतली तेव्हा मी आईच्या कडेवर होतो. पुढे आई गेली, बाप आधीच गेला होता, आणि दादानं लग्न करून वहिनीला आणलं तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची असेल. तिनं येताच मला पुढे बसवून माझ्या डोक्यातल्या उवा काढल्या, ही तिच्याविषयीची माझी पहिली आठवण. दादा शहरातल्या लकडगंजात आरा मशीनवर होता. सागाचे ओंडके खांद्यावरून मशीनपर्यंत न्यायचे, हे त्याचं काम. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवयांवर सुद्धा भुसा असायचा. वहिनी दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची.

रविवारी दादा वहिनीचे केस धुवायचा. मागच्या आंगणात दोन बाजांवर लुगडं टाकून आडोसा करायचा आणि लोट्यानं तिच्या डोक्यावर पाणी ओतायचा. सारी वस्ती हसायची. शेजारीण भिंतीवरून ओरडायची, "काय वं, नवरा केला का न्हावी?"

वहिनी आतूनच म्हणायची, "न्हावी पैसे घेते बाई. हा फुकट करते."

वस्तीतून कॉलेजात गेलेला मी पहिला. मॅट्रिक झालो तेव्हापासूनच घरात एक रीत पडली होती की बाबूला विचारल्याशिवाय काही करायचं नाही. बाबू म्हणजे मी. रेशनकार्डावर नाव चढवायचं असो, शेळी विकायची असो, मुलीला देवीची लस टोचायची की नाही, सगळ्याला एकच उत्तर, "बाबूले विचारा." घरात खुर्ची एक होती. पाहुणा आला तरी ती मला. दादा खाली चटईवर. मी उठायला लागलो की म्हणायचा, "बस गा. शिकलेला माणूस खाली बसला तं शिकून फायदा काय?" मला ते फार आवडायचं. आज कबूल करायला हरकत नाही.

वहिनीला पहिली मुलगी झाली, आणि पाच वर्षांनी मुलगा. मुलाच्या वेळी तिला धाप लागायला लागली. बाळंतपण कसंबसं पार पडलं, पण पुढेही चार पावलं चालली की ती थांबायची. ओठ निळे पडायचे. मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. कोणीतरी धंतोलीतल्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. दादानं एक दिवस खाडा केला, मी तास बुडवले, आणि आम्ही तिघं गेलो.

बाईंनी वहिनीला बराच वेळ तपासलं. मग दादाकडे बघून मराठीत म्हणाल्या, "हृदयाची झडप आखडली आहे. मीठ कमी द्या. जड उचलू देऊ नका. गोळ्या बंद करायच्या नाहीत." मग माझ्याकडे वळल्या. काय शिकतोस, विचारलं. मी सांगितलं. त्यांना बरं वाटलेलं दिसलं, आणि त्या इंग्रजीत सुरू झाल्या.

त्या काय म्हणाल्या ते मला नीट समजलं होतं. माझं इंग्रजी तेवढं होतं. त्या म्हणाल्या, तिसरं बाळंतपण हिला झेपणार नाही. ही त्यात जाईल. पण म्हणून नवरा-बायकोनं वेगळं राहायचं कारण नाही. दोघं तरुण आहेत. जवळीक असणं तिच्याही मनाला आणि शरीराला चांगलंच आहे. सतत भीतीत राहणं तिला जास्त वाईट. फक्त साधन वापरा. आणि सगळ्यात बरं म्हणजे भावाचं छोटं ऑपरेशन करून घ्या, दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं. तिचं करायला नको, तिला भूल सोसणार नाही.

हे सगळं बाईंनी इंग्रजीत का सांगितलं, याचा मी पुढे विचार केला. त्या मराठीच होत्या. बहुतेक मराठीत ते बोलण्याची त्यांनाही लाज वाटत असावी.

बाहेर पायऱ्यांवर दादानं विचारलं, "काय म्हणे गा बाई?"

वहिनी एक पायरी खाली उभी होती. माझे कान तापले. मी म्हणालो, "म्हणे, सांभाळून राहायचं. तिसरं होऊ द्यायचं नाही. तिच्या जिवाले धोका आहे."

"अन्?"

"तेवढंच."

त्याच आठवड्यात दादानं आपलं अंथरूण बाहेर आंगणात टाकलं. थंडी पडली तशी तो आरा मशीनवरच झोपायला जाऊ लागला. म्हणे मालकाला राखण पाहिजे. रविवारचं केस धुणं बंद झालं. तो तिच्या हातून पाण्याचा लोटा घेतानाही बोट लागू नये असा घ्यायचा. आमच्या घरात कधी आवाज चढत नसे. आता भाजीत तिखट जास्त झालं तरी चढायला लागला. वहिनी मुलीला मारायला लागली आणि मग तिलाच जवळ घेऊन रडायला लागली. दादाच्या तोंडाला अधूनमधून वास यायचा. मी हे सगळं बघत होतो, आणि खुर्चीवर बसून परीक्षेचा अभ्यास करत होतो.

एका दुपारी वहिनी विड्या वळत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबू, त्या दिवशी डॉक्टरीण तुह्याशी किती वेळ बोलली?"

"असेल पाच मिनिटं."

"पाच मिनिटं बोलली अन् तू दोन वाक्यं सांगितले. बाकीचं कोणाले देल्लं?"

मी पुस्तकात डोळे खुपसून सगळं सांगितलं. अक्षरं दिसत नव्हती. तिच्या बोटांतलं पान आणि तंबाखू चालूच होतं. माझं बोलून झाल्यावर तिनं हातातली विडी सुपात टाकली.

"म्हणजे बाईनं बंदी नव्हती केली."

"नाही."

"तीन महिने तो माणूस कुत्र्यासारखा बाहेर निजून राहिला, अन् तुले लाज वाटत होती?"

मी पुस्तक मिटलं. ती म्हणाली, "आता लाज सोड, अन् ते काय साधन म्हणते ते आणून दे. त्याले नाही जमणार. तो दारातून परत येईन."

सरकारी केंद्रावर लाल त्रिकोणाची पाटी होती आणि चार हसऱ्या चेहऱ्यांचं चित्र. नर्सबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोणासाठी पाहिजे?"

"घरच्यासाठी."

"लग्न झालं का तुझं?"

"नाही. भावासाठी पाहिजे."

"भावाचे पाय मोडले का?"

कंपाउंडर फिदीफिदी हसला. रांगेतल्या दोन बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मला रजिस्टरात सही करायला लावली. पाकिटं मी इतिहासाच्या पुस्तकात घालून घरी आणली. दादानं ती हातात घेतली, उलटी-सुलटी केली आणि विचारलं, "वापरायचं कसं, लिहिलं आहे का?"

सोबत एक कागद होता. मी वाचून दाखवू लागलो. सरकारी मराठीत लिहिलेलं ते, त्यात 'संततिप्रतिबंध' होतं, 'समागम' होतं, 'उपयोगानंतर विल्हेवाट' होतं. दादा कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "हे मराठीच होय नं गा?" आणि आम्ही दोघं असे हसलो की वहिनी आतून बघायला आली. दादाबरोबर तसा मी त्यानंतर कधी हसलो नाही.

पुढचं वर्ष-दीड वर्ष आमच्या घरातलं सगळ्यात चांगलं. दादा घरात आला. आंगणात पुन्हा लुगड्याचा आडोसा झाला. वहिनीचा आजार होता तसाच होता, पण तिच्या चेहऱ्यावर तेज आलं. ती काम करताना गुणगुणायची. ही गोष्ट कुठल्याही पाटीवर लिहिलेली मी पाहिली नाही. पाटीवर 'सुखी कुटुंब' असायचं, पण ते सुख म्हणजे पोरं कमी आणि धान्य पुरेसं. नवरा-बायकोला एकमेकांपासून मिळणारं सुखही सुखच असतं, त्यानं माणसाचं वागणं सुधारतं, मुलांचा मार वाचतो, हे सरकारला माहीत नव्हतं किंवा सांगायची लाज वाटत होती. मला तरी कुठे सांगता आलं होतं?

मग आणीबाणी आली. पहिल्या काही महिन्यांत आम्हाला फरक कळला नाही. पुढच्या वर्षी मी केंद्रावर गेलो तर कपाट रिकामं. नर्सबाई म्हणाल्या, "आता ते कोणी मागत नाही वरून. आपरेशनची केस आण. आहे का कोणी?" त्यांच्या आवाजातली जुनी थट्टा गेली होती. बाई घाबरलेल्या होत्या. त्यांनाही केसेस पुऱ्या करायच्या होत्या.

वस्तीत जबरीच्या नसबंदीचं जे सुरू झालं ते खोटं नव्हतं. हे मला स्पष्ट लिहिलं पाहिजे, नाहीतर मी उगाच सगळा दोष स्वतःवर घेऊन मोठेपणा मिरवतो आहे असं होईल. आमच्या गल्लीत एक मुका हमाल होता. लग्न झालेलं नव्हतं, आईला एकुलता. त्याला बाजारातून गाडीत घालून नेलं. संध्याकाळी तो बक्षिसाचा तुपाचा डबा घेऊन परत आला. दारोदार जाऊन तो डबा दाखवत होता, हसत होता. आपल्याला काय झालं हे त्याला कळलं नव्हतं. त्याच्या आईला शेजाऱ्यांनी सांगितलं तेव्हा तिनं डबा नालीत फेकला, आणि तो तिच्यावरच चिडला.

ते बघून मी रडलो. कॉलेजातल्या दोन मित्रांबरोबर मी एका वकिलांकडे जायला लागलो. ते आमचे पुढारी. विहारात चार-सहा माणसं गोळा करून ते हळू आवाजात बोलायचे, आणि काय बोलायचे! गरिबाची संख्या हीच गरिबाची ताकद; ती कापायला हे निघालेत; आपल्याच वस्त्या यांना का दिसतात? मला ते पटलं. अजूनही त्यातलं अर्धं पटतं. आम्ही रात्रंदिवस पत्रकं काढली, घरोघरी सांगितलं की ऑपरेशन करून घेऊ नका, माणूस कामातून जातो. हे शेवटचं वाक्य खरं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मला उलट सांगितलं होतं. पण लोक हक्काच्या भाषेनं हलत नव्हते, आणि या वाक्यानं हलत होते. म्हणून मीही ते म्हणत राहिलो.

घरी काय चाललं होतं याकडे माझं लक्ष नव्हतं. पाकिटं संपली होती. दादा पुन्हा बाहेर झोपायला लागला होता. वस्तीतल्या शाळेचे मास्तर केसच्या शोधात फिरत होते. त्यांचा पगार अडवला होता. ते दादाकडे आले. दादानं त्यांना एकच विचारलं, "ओंडका उचलता येईन नं, मास्तर?" मास्तर म्हणाले, आठ दिवस जड उचलू नका, मग पहिल्यासारखं. दादानं वहिनीशी बोलून ठरवलं. मला विचारलं नाही. माझ्या कॉलेजात गेल्यापासून त्यानं मला न विचारता घेतलेला हा एकच निर्णय. लाजेपोटी विचारलं नसेल, की मी काय म्हणेन ते त्याला ठाऊक होतं, हे मी कधी विचारू शकलो नाही.

कॅम्प शाळेतच लागला होता. समोरच्या पानठेल्यावर मी आणि माझे दोघे मित्र उभे होतो. कोणाकोणाला जबरीनं आणलं त्यांची नावं आम्ही टिपून घेत होतो, पत्रकासाठी. रांग हळूहळू पुढे सरकत होती. आणि मला दादा दिसला. आंघोळ केलेला, केसांना तेल, धुतलेला पायजमा, हातात नंबराची चिठ्ठी. सणाला निघाल्यासारखा.

मित्र म्हणाला, "तो तुझा दादा ना रे?"

मी कितीही वेळा आठवलं तरी तेच आठवतं. त्या क्षणी मला वहिनी आठवली नाही. डॉक्टरीणबाई आठवल्या नाहीत. मला एवढंच वाटलं की माझाच भाऊ, आणि हे दोघं बघताहेत. मी रस्ता ओलांडला आणि दादाचा दंड धरला.

"चल बाहेर."

"अरे, मी आपल्या मर्जीनं आलो गा."

घरी मी दादाशी आमच्या बोलीत बोलायचो. त्या दिवशी पुस्तकी मराठीत बोललो. "इथे कोणाचीच मर्जी नाही. तुला वाटतं ती तुझी मर्जी आहे, पण ही दडपशाही आहे. तू त्यांना सामील होतो आहेस."

मास्तर पुढे आले. "बाळा, ऐक. हा खरंच स्वतःहून आलाय. घरी बायको..."

"तुमचा कोटा भरायला माझा भाऊ नाही मिळणार, मास्तर."

मास्तरांनी मान खाली घातली. माणूस भला होता. त्यांनीच मला बाराखडी शिकवली होती. रांगेतले लोक माझ्याकडे बघत होते. एक म्हातारा म्हणाला, "बरोबर बोलून राहिला पोट्टा." दादानं इकडे-तिकडे पाहिलं. मग हातातली चिठ्ठी मास्तरांना परत दिली आणि म्हणाला, "पोरगं शिकलेलं आहे, मास्तर. त्याले आपल्यापेक्षा जास्त समजते."

आणि तो माझ्यामागे चालत आला. मित्रांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

घरी वहिनी दारातच होती. दादा लवकर परत आलेला बघून तिनं आधी विचारलं, "झालं?" मग माझ्याकडे पाहिलं. दादा म्हणाला, "बाबू नाही म्हणे." आणि आत गेला.

वहिनी मला म्हणाली, "तो मुका होता, त्याले कोणी विचारलं नाही, म्हणून तू रडला. होय नं?"

"हो."

"तुह्या दादाले तं तोंड होतं. त्याले तू विचारलं का?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं; मोठं होतं, त्यात शासन होतं, वर्ग होता, इतिहास होता. ती ऐकायला थांबली नाही.

पुढे निवडणूक झाली, दिल्लीतलं सरकार बदललं. आम्ही गुलाल उधळला. आमच्या त्या वकील पुढाऱ्यांची मोठी सभा झाली. ते आता मोकळ्यानं बोलत होते. ते म्हणाले, आपल्या देशाला पाश्चात्त्यांच्या साधनांची गरज नाही, संयम हाच खरा उपाय, मन ताब्यात ठेवलं की शरीर आपोआप ताब्यात राहतं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरी येऊन ते मी सांगितलं. कोणाला उद्देशून नाही, असंच, पण वहिनी आणि दादा दोघंही जेवत होते.

वहिनी म्हणाली, "तुमच्या त्या पुढाऱ्याले लेकरं किती?"

"दोन."

"लग्नाले वर्षं किती झाले?"

"असतील सतरा-अठरा."

"मंग पंधरा वर्षांपासून संयमच करून राहिला का तो?" दादाला ठसका लागला. ती म्हणाली, "त्याची बायको पाहिली मी सभेत. संयमावर जगणारी नाही दिसत." दादा पाणी पीत हसत होता. तिचं हसणं मात्र लगेच सरलं. दुसऱ्या दिवशी दादा कामावर गेल्यावर तिनं मला हाक मारली. म्हणाली, "बाबू, तू मले पोरासारखा, म्हणून सांगतो. मंग नाही सांगणार. माणूस दिवसभर ओंडके उचलते, मालकाच्या शिव्या खाते. मी इथं बसून पानं कापतो. आमच्याजवळ काय आहे? तो जवळ असला, त्याचा हात अंगावर असला, तं मले वाटते आपण कोणीतरी आहो. त्यालेही तसंच वाटते. तेवढंच फुकट होतं आमच्यासाठी. ते एकानं धमकी देऊन बिघडवलं, अन् एकानं भाषण देऊन."

दुसरं "एकानं" म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती, हा तिचा चांगुलपणा.

मी केंद्रावर गेलो. पाटी नवी होती. 'कुटुंब नियोजना'तलं 'नियोजन' पुसून 'कल्याण' लिहिलं होतं. कपाटात धूळ. त्याच नर्सबाई म्हणाल्या, "नाव काढू नको बाबा त्याचं. लोक मारायला उठतात. वरचेही गप्प, खालचेही गप्प." सीताबर्डीच्या एका औषधाच्या दुकानातून मी काही पाकिटं विकत आणली आणि दादाच्या उशाखाली ठेवली. तेवढ्यात मला नोकरीचं पत्र आलं. चांदा जिल्ह्यात, जंगलातल्या गावी मास्तरकी.

जायच्या आदल्या दिवशी मी दादाला आरा मशीनवर गाठलं. मशीनचा आवाज होता, त्यामुळे धीर आला. म्हणालो, "दादा, ऑपरेशन करून घे. आता जबरदस्ती नाही. मेडिकलमध्ये, मोठ्या सरकारी दवाखान्यात करतात. मी चुकलो होतो."

त्यानं मला नीट ऐकून घेतलं. मग खांद्यावरचा भुसा झटकत म्हणाला, "आता? आता ज्याचं झालं त्याले वस्तीत काय म्हणतात, माहीत आहे ना? खस्सी बोकड म्हणतात. चावडीवर बसू देत नाहीत. पोट्टे मागून बेंबें करतात. कोणी शिकवलं गा त्यांले, की माणूस कामातून जाते म्हणून?"

रागानं म्हणाला नाही. त्याला खरंच विचारायचं होतं. पत्रकांमागचा माझा हात त्याला पूर्ण माहीत नव्हता. मी सांगितलं नाही. "बरं, मंग पाकिटं तरी आणत जा," एवढं म्हणालो. तो म्हणाला, "पाहू."

गावी गेल्यावर पहिलं वर्ष मी महिन्याला एक पत्र लिहायचो. उत्तर पुतणी लिहायची. घरातलं लिहिण्याचं काम आता तिच्याकडे आलं होतं, दहा-अकरा वर्षांच्या पोरीकडे. आई बरी आहे, बाबा बरे आहेत, भावाचे दात पडले, असं ठळक अक्षरांत. मी पाकिटांविषयी कसं विचारणार? आणि दादा तरी लेकीला तसलं काय सांगून लिहायला लावणार? पत्रांत सगळं बरंच असायचं. दिवाळीला मी जाणार होतो, तर माझी बदली आणखी आतल्या गावी झाली. तिथे टपाल आठवड्यातून एकदा यायचं, आणि जुन्या गावच्या पत्त्यावर आलेली माझी पत्रं तिथल्या पोस्टात पडून राहायची.

शाळेच्या शिपायानं एका दुपारी तीन पत्रं एकदम आणून दिली. दोन कचेरीची होती. तिसरं आंतर्देशीय, पत्ता खोडून वर नवा लिहिलेला. आतली तारीख सव्वीस दिवसांपूर्वीची होती.

"काका, आई परवा मेडिकलमध्ये वारली. तिला सातवा महिना होता. बाळ पण राहिलं नाही. तुम्हाला आधी कळवायचं होतं, पण बाबा म्हणाले असं पत्रात लिहीत नसतात. भाऊ माझ्याजवळ झोपतो. बाबा कामावर जात नाहीत. तुम्ही या."